फुफ्फुसाच्या धड्याची उजळणी

मानांग लुमिंग, माझ्या थोरल्या ताई,

उठलीस की जिना उतरू नकोस. मी शेजारच्या दादोकाकांची गाडी मागायला गेलेय. विनिपेगच्या या थंडीत इंजिन गरम व्हायला वेळ लागतो. तू कोट घालून बसून राहा, तुला इस्पितळात न्यायचंय.

काल संध्याकाळी उजळणीसाठी तुझ्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, तेव्हा तू म्हणालीस, "काय गं नर्सबाई, आत कोणी राहतं का?" मी हसून म्हटलं, "सगळं ठीक आहे." ते खोटं होतं. खालच्या बाजूला बारीक चरचर ऐकू येत होती. तुझे पाय सुजलेत, आडवं झालं की धाप लागते. हे सगळं आमच्या नर्सिंगच्या धड्यात एकाच पानावर आहे: पल्मनरी एडीमा, म्हणजे फुफ्फुसात पाणी. शब्द चटकन आठवला याचा मला आधी आनंदच झाला, मानांग.

आमच्या बाई सांगतात, विद्यार्थ्यांनी रोगाचं नाव रोग्याला सांगायचं नाही. मी त्या नियमाआड लपले, कारण आज सकाळी माझी परीक्षा आहे आणि ती मला चुकवायची नव्हती. आणि मग रोजच्या नेमाप्रमाणे तुझ्याच शेजारी बसून तुझ्या तब्येतीसाठी जपमाळ ओढली. मदर मेरीकडे मान वर करून बघवलं नाही.

परीक्षेला जात नाहीये. "मला काय धाड भरलीय, तू जा" असं म्हणू नकोस. रागवायचं असलं तरी गाडीत रागावू नकोस, बोलताना तुला धाप लागते. बरी होऊन घरी ये, मग पोटभर रागाव.

तुझी धाकटी,
एर्लिंदा