दह्याचा थर्मामीटर

मी, खंडू सखाराम भालेराव, वय ५१, धर्म बौद्ध, मूळ राहणार तालुका महाड, सध्या मुक्काम उम्म अल हस्सम, बहरीन, हे लिहून ठेवतो ते पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या दबावाखाली नाही आणि कालपासून एक थेंबही न घेता. परवा शनिवारी माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, अजिबात काळजी करू नका. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. एवढे लिहीपर्यंत तीनदा उठलो.

१. महाडचे घर आणि बँकेतली सर्व शिल्लक पत्नी राधा हिला. माझ्या धाकट्या भावाला फक्त शिडी द्यावी. ती त्याचीच आहे, सतरा वर्षे मागतोय.

२. बाथरूममधली बिअरची सामग्री : दोन बादल्या, नळी, पिकनिकचा आइसबॉक्स. राधाने पंचशील घेतले आणि पाळले. मीही घेतले, पण पाचव्याला घसरलो. "घरात दारू गाळता, लाज नाही वाटत?" असे ती विचारी. मी म्हणे, गाळत नाही गं, शिजवतो. जव भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, गच्चीवर वाळवून भरडायचे, आई नाचणीचे सत्त्व करायची अगदी तसे. मग गरम पाण्यात कालवून आइसबॉक्समध्ये सहासष्ट अंशांवर तासभर झाकायचे. पारा फार चढला की बिघडले, फार उतरला की पिठूळ. शेवटी आयोडिनचा थेंब टाकायचा, निळा झाला तर पिठाची साखर व्हायची बाकी आहे. एकोणीस वर्षे लॅबमध्ये काढलेल्या माणसाला याचे वेड लागणारच. असो. राधा, तू जिंकलीस. सगळे फेकून दे. आइसबॉक्स ठेव, चांगला आहे.

३. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटवरून छापलेले कागद कन्या संघप्रिया हिला. त्यात एक गृहस्थ कॉफीच्या यंत्रात ग्लासभर बिअर करतो. दुसऱ्याने ऊब टिकावी म्हणून पिंपाला आजीचा स्वेटर घातलाय, बटणे लावून. तिसऱ्याची मांजर बादलीवरून उठत नाही, तर तो दर आठवड्याला मांजरीचेच तापमान लिहितो! संघप्रिया "पप्पा, सो एम्बॅरसिंग!" म्हणाली आणि पोट धरून हसली. ते हसणे मला फार आवडले होते.

४. आता नजीब. मूळ म्हसळ्याचा, इथे बहरीनमध्ये सित्र्याला माझ्याच प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. कंपनीच्या बसमध्ये चौदा वर्षे आम्ही शेजारी बसलो. माझा थर्मामीटर त्याचा आहे. बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासून त्याने दिला. दह्यासाठी हवाय, असे मी सांगितले होते. ते धडधडीत खोटे होते.

१९९६ च्या रमजानात तो इफ्तारच्या वेळी घरी आला. मी आंघोळीला गेलो होतो. राधाने खजूर दिले आणि फ्रिजमधली बाटली जवाचे पाणी समजून ग्लासात ओतली. "वहिनी, गोड आहे," म्हणत त्याने आणखी मागितले. आठवड्याने कुणीतरी त्याला माझ्या उद्योगाबद्दल सांगितले. तो प्लांटच्या गेटवर सगळ्यांसमोर ओरडला, "माझा रोजा तू दारूने सोडवलास!" मी असे करीन असे त्याला वाटलेच कसे? माझे डोके फिरले. म्हटले, "समज हवं ते." खलास. तेव्हापासून तो बसमध्ये पुढच्या सीटवर बसतो.

नजीब, मी बिअरच्या नोंदी ठेवतो ती वही उघड. ८ फेब्रुवारी, तू इफ्तारला आलास तो दिवस : "३.१५, रस बाटलीत काढून फ्रिजमध्ये. ८.१०, बादलीत यीस्ट टाकले." यीस्टशिवाय दारू होत नाही. तू प्यालास तो मोडाच्या जवाचा गोड रस. हे मी गेटवरच सांगू शकलो असतो. ताठा नडला. माफ कर.

वही आणि थर्मामीटर नजीबला द्यावेत. मी वाचलो तरी द्यावेत.

दुरुस्ती : साक्षीसाठी लॅबमधल्या विश्वजीतला बोलावले, तो नजीबला धरून घेऊन आला. नजीबने उभ्यानेच वाचले, कलम ४ दोनदा. "मेल्या," तो म्हणाला, "अडीच वर्षं मी तौबा करतोय!" आणि डोळे पुसून पेन मागितले. विश्वजीत म्हणतो, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये. सबब कलम ४ मधले देणे रद्द.

ठिकाण : उम्म अल हस्सम. दिनांक : १५ ऑक्टोबर १९९८.

सही : खंडू सखाराम भालेराव

साक्षीदार १ : विश्वजीत शिरसाट

साक्षीदार २ : नजीब हाशिम मुकादम. वही वाचली, इथेच ठेवली. थर्मामीटर नेत आहे, वारशाने नव्हे, तो माझाच आहे. खंडूने बरे झाल्यावर स्वतः येऊन मागावा. दह्यासाठी.