युन शीची शाळा आणि बारा जणांचे टेबल

मी, तेओ गाइक सुआन, कै. खॉ बून हॉक यांची पत्नी, वय ७६, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार कुलिम, केदाह, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी माझे हृदय कमकुवत ठरवले आहे, डोके नाही. तसा दाखला सोबत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला या घरी कोणी येत नाही. आधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगी ली पेंग हिला देते. ती सिंगापूरला परिचारिका आहे. अट एकच. तिची मुलगी युन शी, वय दहा, जी माझ्याजवळ राहते, ती आहे त्याच शाळेत सहावी पूर्ण करेपर्यंत घर विकू नये आणि तिला येथून हलवू नये. ली पेंगने स्वतः यावे किंवा विश्वासाचे माणूस ठेवावे.

कारण लिहून ठेवते, कारण मी गेल्यावर ते सांगणारे कोणी उरणार नाही. युन शी स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. सातव्या वर्षी ती माझ्या कपाटातली बीजगणिताची पुस्तके सोडवत होती. पहिल्या शाळेत रोज सकाळी सगळ्या वर्गाने उभे राहून एका सुरात बाईंना नमस्कार म्हणायचा असे. ती कान झाकून गप्प बसे. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण उद्धट आहे." दुसऱ्या शाळेने विशेष वर्गात बसवले आणि वर्षभर मणी ओवायला लावले. तिने दोन लाल, तीन निळे, पाच पिवळे, सात हिरवे असे मूळ संख्यांच्या क्रमाने ओवले. रंग एकाआड एक आले नाहीत म्हणून ते पुन्हा काढले गेले. तिसऱ्या ठिकाणी शांतता होती, पण शिकवणे नव्हते.

चौथी शाळा मी शोधली नाही. माझी जुनी पुस्तके द्यायला तिला घेऊन पामच्या मळ्यातल्या तमिळ शाळेत गेले होते. नऊ मुले, दोन शिक्षक. भिंतीवर त्यांच्या बाराखडीचा तक्ता होता, आडवे बारा स्वर, उभी अठरा व्यंजने. युन शी त्यापुढे चाळीस मिनिटे उभी राहिली. तिने नमस्कार केला नाही म्हणून मी मुख्याध्यापक त्यागराजन यांची माफी मागू लागले.

"बसा हो बाई," ते म्हणाले. "तिचं वाचन चाललंय."

मग ती तक्त्याकडेच बघत म्हणाली, "या घरातला काना गेलाय."

त्यांनी चष्मा लावून पाहिले. "सहा वर्षं लटकतोय हा तक्ता. आमच्या एकाच्याही डोळ्याला दिसलं नाही. उद्यापासून येतेस का गं?"

आज ती त्या शाळेत तमिळमध्ये भांडतेही. गणित आठवीचे करते.

२. वडिलांचे भिंतीवरचे घड्याळ भाऊ चिन लिओंग याला. त्यासोबत निळ्या काठाचा वाडगाही द्यावा. दोन वर्षांपूर्वी आपल्या चिनी नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी सगळे माझ्याकडे जेवायला होते. आपल्यात लहानांनी जेवणाआधी प्रत्येक वडीलधाऱ्याला नात्याने हाक मारून "जेवा" म्हणायचे असते. युन शी म्हणत नाही. चिन लिओंगने तिच्या पुढचा हाच वाडगा उचलला.

"हाक मार, मग जेव."

"वाडगा ठेव, चिन लिओंग."

"ताई, जन्मभर लोकांच्या पोरींना शिस्त लावलीस. घरची मात्र तमिळ शाळेत. आपल्या शाळा काय बुडाल्या?"

"आपल्या शाळांनीच हाकललं तिला. वाडगा ठेव."

ठेवला, आणि आपली सगळी माणसे घेऊन निघून गेला. त्यानंतर बारा जणांच्या टेबलाशी आम्ही दोघीच जेवतो.

त्याच्यावर राग धरण्याचा मला पूर्ण अधिकार नाही, हेही येथे नोंदवते. ती माझ्याकडे आली त्या वर्षी मीही सात महिने रोज रात्री तिचा वाडगा हाताखाली धरून हाकेची वाट पाहिली. शिस्तीने जमेल असे मला वाटले होते. भात गार होई. ती रडत नसे.

३. मोटार शेजारीण रोकिया हिला, रोज सकाळी युन शीला मळ्यावर पोहोचवण्याच्या बोलीवर. तिच्या मांजरांवरून आमचे एकोणीस वर्षे वाकडे होते. तीन महिन्यांपूर्वी ती फाटकाशी येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही एका हाताने छाती दाबून गाडी चालवता. मी बघते रोज. चावी द्या." ती वाटेत बोलत नाही आणि रेडिओ लावत नाही. युन शीला तसेच हवे असते. मांजरांची तक्रार मी मागे घेत नाही.

४. मोठे टेबल शाळेला. मुले जमिनीवर बसून जेवतात. युन शी धरून दहा मुले, दोन शिक्षक. बरोबर बारा.

५. सहावीनंतरची शाळा ली पेंग व त्यागराजन यांनी मिळून निवडावी. माहितीपत्रके वाचू नयेत. युन शीला घेऊन एक अख्खी सकाळ वर्गात बसावे. घंटा किती कर्कश आहे, गोंगाट असह्य झाला तर मुलाला उठून जाता येते का, गणित तिला पुरेल का, एवढे पाहावे. ती नमस्कार करते का, हा पहिला प्रश्न असेल तर उठून यावे.

६. माझ्या शवपेटीपुढे रिवाजाप्रमाणे भाताचा वाडगा ठेवतील आणि त्यात जेवणाच्या काड्या उभ्या खोचतील. युन शी त्या काढेल. त्या वाडग्याच्या उजव्या हाताला, टोकाला टोक जुळवून, टेबलाच्या कडेशी समांतर आडव्या ठेवेल. चार वर्षे रोज जेवणाआधी ती माझ्या काड्या अशाच लावते, आणि मी पहिला घास घेतल्याशिवाय स्वतः खात नाही. इतर कोणाच्या काड्यांना ती हात लावत नाही. तिची हाक हीच, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

पुरोहित, चिन लिओंग किंवा अन्य कोणी तिचा हात धरू नये. काड्या पुन्हा उभ्या करू नयेत. तिने लावल्या तशाच राहू द्याव्यात आणि मग तिला जेवायला वाढावे.

सही: तेओ गाइक सुआन
कुलिम, दि. ९ ऑक्टोबर २०२३

आम्हा दोघांसमक्ष सही झाली. या मृत्युपत्रान्वये आम्हाला काहीही मिळत नाही.
साक्षीदार १: डॉ. हरविंदर कौर, कुलिम
साक्षीदार २: खोर बेंग तेइक, औषध दुकानदार, कुलिम