वन्संची विश्रांती

शांघाय,
४ जुलै १९९९

चि. सौ. साइचूस,
अ. उ. आ.

फोन न करता पत्र लिहिते याचं नवल वाटून घेऊ नकोस. तुमच्या बेटावर फोन एकच, तोही वाण्याच्या गल्ल्यापाशी. मागच्या खेपेला मी आईच्या मूळव्याधीची चौकशी केली, ती आईच्या आधी साऱ्या गावाला कळली. पत्र निदान त्याला फोडावं तरी लागेल.

बातमी अशी की आम्ही येतोय. ऑगस्टात, तीन-चार दिवसांसाठी. निवृत्त झाल्यापासून ह्यांनी शांततेचा ध्यास घेतला आहे. सारा जन्म वर्गात ‘शांत बसा’ म्हणून ओरडण्यात गेला आणि आता आमच्या खिडकीखाली रस्ता खणताहेत. शेजारचे लोक कुठल्या कुठल्या बेटांवर जाऊन येतात आणि मग महिनाभर फोटो दाखवतात. मी म्हटलं, आपल्याला तर माहेरचंच बेट आहे, हॉटेलवाल्याच्या कशाला नाकदुऱ्या काढायच्या?

तू फार तयारी करू नकोस. मागची, समुद्र दिसणारी खोली आम्हाला दे. नवी चटई घाल. जेवायला ताजा पिवळा मासा आणि खेकडे, एवढंच पुरे. आणि माझ्या भावाला, आहायला, सांग की इंजिनाची ठोकाठोक त्या दिवसांत अंगणात काढू नये. ह्यांचं डोकं दुखतं.

आईला माझा नमस्कार सांग. लोभ आहेच, बाकी आल्यावर पाहू.

तुझी,
पेइफेन


तुङ्शाओ बेट,
१६ जुलै १९९९

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाण्याने फोडलं नव्हतं, नुसतं उजेडात धरून पाहिलं होतं, असं तो स्वतःच म्हणाला.

तुम्ही येणार हे ऐकून सासूबाईंनी दोन घास जास्त खाल्ले. मासा मात्र विसरा. हल्ली सरकारने उन्हाळ्यात मासेमारीच बंद ठेवली आहे, माशांना अंडी घालायला निवांतपणा हवा म्हणे. म्हणजे तुम्ही आणि मासे एकाच वेळी विश्रांतीवर. पिवळा मासा हवाच असेल तर शांघायच्या मंडईतून घेऊन या, आम्हीही खाऊ. घरात वाळवलेले बोंबील आहेत, ते तुम्हाला लहानपणी आवडायचे असं सासूबाई सांगतात. शांतता मात्र हवी तेवढी न्या. शाळा बंद झाली, न्हावी गेला, दाई गेली. कुत्र्यांनीसुद्धा भुंकणं सोडलं आहे. भुंकणार तरी कुणावर?

बेट रिकामं करायचं ठरलंय हे तुम्हाला कळवलं होतंच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटची बोट, मग वीजही नाही आणि पाणीही नाही. आम्हाला तिंगहाय शहरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात. सगळं बांधून झालं, सासूबाई तेवढ्या राहिल्या. त्या म्हणतात, त्यांना समुद्रात एकटं ठेवून मी येणार नाही. बाबा बुडाले तेव्हा टेकडीवर जो पेंढ्याचा माणूस पुरला, तो केव्हाच मातीला मिळाला. आता नवा करायचा, त्याला बाबांचे कपडे घालायचे, भरतीच्या वेळी काठावरून हाक मारून बाबांना त्यात बोलवायचं आणि मग सगळ्यांनी मिळून निघायचं. हाक मारायला एक आणि ‘आलो’ म्हणायला एक, दोघंही त्यांच्या रक्ताची हवीत. तुमचे भाऊ एक झाले. मी परक्याची लेक, माझी गणती फक्त स्वयंपाकात.

मी म्हटलं, तुम्हीच मारा की हाक. तर म्हणाल्या, मुलांनी ‘बाबा’ म्हटलं की भागतं, बायकोला नाव घ्यावं लागतं आणि ते मी जन्मात घेतलेलं नाही.

तेव्हा वन्सं, विश्रांती खुशाल घ्या, पण एक संध्याकाळ मोकळी ठेवा. तुम्ही आला नाहीत तर त्या हलायच्या नाहीत आणि तुमचे भाऊ काही आईला उचलून बोटीत घालणारे नव्हेत.

भावोजींना नमस्कार. लोभ असेलच, त्याला बोटीचं तिकीट काढून द्या.

आपली,
साइचू


शांघाय,
२ ऑगस्ट १९९९

चि. सौ. साइचूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. पेंढ्याच्या माणसापाशी आल्यावर चहाचा ठसका लागला. म्हणाले, पन्नास वर्षं झाली क्रांतीला आणि तुझ्या माहेरी अजून वारा बोलतो आणि गवत ऐकतं. मलाही खरं म्हणजे हसू आलं, पण माहेरचं म्हणून आवरलं.

ऑगस्टचं काही जमत नाही. वादळाची बातमी आहे आणि ह्यांना बोटीत उलट्या होतात. पण आईचं काम अडायला नको म्हणून ह्यांनीच युक्ती काढली. सोबत कॅसेट पाठवते आहे. तिच्यात मी बाबांना हाक मारली आहे, चांगली खणखणीत. एकदा सुरीला धार लावणारा खालून ओरडला म्हणून पुन्हा घेतली, दुसऱ्यांदा मलाच खोकला आला. तिसरी उत्तम आहे. आवाज तो आवाज, तोंडातून आला काय आणि यंत्रातून आला काय! आहायने पुढचं ‘आलो’ म्हणावं, की आई मोकळी आणि तुम्हीही मोकळे.

कॅसेट जपून परत पाठव, ह्यांची आहे. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
पेइफेन


तुङ्शाओ बेट,
१४ ऑगस्ट १९९९

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

कॅसेट मिळाली. यंत्र वाण्याकडून आणलं, त्यामुळे वाणीही आला, आणि वाणी आला म्हणून बेटावर उरलेली सगळी माणसं आली. संध्याकाळच्या भरतीला काठावर दगडावर यंत्र ठेवलं. तुमचा आवाज खरंच खणखणीत होता. स्टेशनवर गाडी सुटायची सूचना देतात ना, तसा. तुमच्या भावांनी ‘आलो’ म्हणायला तोंड उघडलं तोच आतून भावोजी बोलायला लागले. कॅसेट जुनी, वर्गातल्या व्याख्यानाची असावी. उत्पादनाची साधनं कुणाच्या मालकीची, हे त्यांनी समुद्राला बराच वेळ समजावून सांगितलं. तुमचे भाऊ बिचारे मध्येच ‘आलो’ म्हणाले, तर ते वर्गात हजेरी दिल्यासारखं वाटलं.

लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू? सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जावयाला कुणी बोलावलं होतं? आणि काठी टेकत घरी गेल्या. रात्री जेवल्या नाहीत.

कॅसेट परत पाठवते आहे. पुढल्या वेळी यंत्र घरी ठेवून तुम्ही या. लोभ यंत्रात भरता येत नाही, एवढंच सुचवते.

आपली,
साइचू


शांघाय,
२० सप्टेंबर १९९९

चि. सौ. साइचूस,
अ. उ. आ.

मागच्या पत्रातली तुझी जीभ मी मनावर घेतलेली नाही. सरकारने यंदा राष्ट्रीय दिनाला आठवडाभर सुट्टी दिली आहे, तेव्हा आता नक्की येतो. दोन तारखेला निघू. आईला सांग, तिची हाकसुद्धा होईल.

सोबत आमचे होणारे व्याही, ताओ मंडळी आहेत. मुलाचं लग्न जवळजवळ ठरल्यातच आहे, पण ‘जवळजवळ’ या शब्दावर मला झोप लागत नाही. बाई डॉक्टर, गृहस्थ बँकेत मोठ्या हुद्द्यावर. फार सुसंस्कृत माणसं, जेवताना आवाज करत नाहीत. मी त्यांना सांगितलं आहे की आमचं समुद्रकाठी जुनं, निवांत घर आहे. तेव्हा तेवढं निभावून ने.

आईची शवपेटी पुढच्या खोलीत आहे ती हलव. म्हातारपणी आधीच करून ठेवायची रीत शहरातल्या माणसांना कळत नाही, त्यांना वाटायचं घरात कुणी आजारी आहे. पेंढ्याचं ते प्रकरण त्यांच्या नजरेला पडू देऊ नकोस. दुपारी ते झोपले की आपण चटकन उरकून घेऊ, हाकही मी हळूच मारीन. आईने त्यांना पगार विचारू नये. आणि तू, राग मानू नकोस, पण जरा कमी हस.

तुझ्यावरच सगळी भिस्त आहे. लोभ वाढव.

तुझी,
पेइफेन


तुङ्शाओ बेट,
२६ सप्टेंबर १९९९

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

शवपेटी उचलायला चार माणसं लागतात आणि बेटावर धडधाकट माणसं आता दोनच आहेत. म्हणून तिच्यावर चांगली फुलांची चादर घातली आहे. ताओ मंडळींना त्यावर ताटं मांडून वाढीन, आवाज न करता जेवतील. भरती आमचं ऐकत नाही, त्यामुळे ती व्याह्यांच्या झोपेच्या वेळी येणार नाही. ती संध्याकाळी येते. आणि हळूच हाक मारायची तर समुद्राने जवळ येऊन कान द्यायला हवा.

आता थट्टा पुरे. तुमच्या भावांनी तिंगहायहून पेंढा आणून माणूस तयार केला आहे. बाबांच्या कोटाचं बटण तुटलं होतं, ते सासूबाईंनी स्वतः सुईत दोरा ओवून लावलं. नीट दिसत नाही, तरी मला हात लावू दिला नाही. चार तारखेची भरती ठरली आहे, शेवटची बोट सहा तारखेला. त्या रोज धक्क्यावर जाऊन बसतात आणि अजून वेळ आहे म्हणून परत येतात. वन्सं, मला तुमचा राग येतो आणि तरी मी तुमची वाट पाहते, कारण त्या पाहतात. कुणाला घेऊन यायचं त्यांना घेऊन या, तोंड वाकडं करून या, पण या.

लोभाचं नंतर बघू.

आपली,
साइचू


चिन्शा बेट,
४ ऑक्टोबर १९९९

चि. सौ. साइचूस,
अ. उ. आ.

घाईत चार ओळी, बोटीच्या खलाशाबरोबर पाठवते. आम्ही तुमच्या अलीकडेच, चिन्शाला उतरलो. ताओबाईंना बोट लागली, शिवाय पुढे समुद्र खवळलेला आहे असं कुणीसं म्हणालं. हॉटेल बरं आहे, नळाला गरम पाणी आहे, वाळू स्वच्छ आहे. खिडकीतून तुङ्शाओ दिसतं. इथून ते फार शांत दिसतं.

आईची समजूत घाल. आज संध्याकाळी मी गच्चीवर उभी राहून मनातल्या मनात बाबांना हाक मारीन. मनापासून मारलेली हाक पोचतेच, तोंडाने मोठ्याने कशाला हवी? पुढच्या महिन्यात तिंगहायला सावकाश येऊन जाईन. तोवर लोभ असू दे.

तुझी,
पेइफेन


तिंगहाय,
१२ ऑक्टोबर १९९९

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी चार तारखेला दुपारी मिळाली. समुद्र त्या दिवशी तव्यासारखा सपाट होता, पण ते असो.

चिठ्ठी मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली. मग उठल्या, केस विंचरले आणि म्हणाल्या, चला, भरती थांबत नाही. काठावर तुमचे भाऊ पेंढ्याचे बाबा मांडीवर घेऊन बसले. सासूबाई गुडघाभर पाण्यात गेल्या आणि त्यांनी नाव घेतलं. लुओ छांगशुन, पाण्यात गारठा आहे, घरी या. मी इतकी वर्षं या घरात आहे, सासऱ्यांचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आधी आवाज फुटेना, मग असा फुटला की धक्क्यावर वाण्याने टोपी काढली. तुमचे भाऊ ‘आलो’ म्हणाले आणि रडले. मीही रडले. परत येताना सासूबाई म्हणाल्या की पोरीची वाट बघत उगीच थांबवलं त्यांना, माझ्याच हाकेला येणार होते. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या.

सहा तारखेला शेवटच्या बोटीने निघालो. खालच्या डेकवर शवपेटी, तिच्याशेजारी निळ्या चादरीखाली बाबा, मग आम्ही. बोट चिन्शाला थांबली आणि तिथे तुम्ही चढलात. तुम्हाला ठाऊक नसेल. तुम्ही काचेच्या वरच्या खोलीत गेलात, डोक्यावर पांढरी हॅट होती, चांगली दिसत होती.

ताओबाई मात्र वारा घ्यायला खाली आल्या. त्या ताओबाई हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं. त्यांनी सासूबाईंच्या शेजारी जागा मागून घेतली, पायांची सूज पाहिली, मीठ कमी खायला सांगितलं. चादरीखाली कोण आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, सासरे आहेत, झोपलेत. तेव्हापासून बिचाऱ्या हळू आवाजात बोलायला लागल्या. माणूस फार चांगलं आहे हो, वन्सं. तुम्ही उगीच घाबरलात. त्या सासूबाईंना म्हणाल्या की आमच्या विहीणबाईंचं माहेर इथेच कुठल्याशा बेटावर आहे, त्यांच्या आईला भेटायची मला फार हौस होती. पण विहीणबाई म्हणाल्या, म्हातारीला परकी माणसं आवडत नाहीत, खोलीच्या बाहेरसुद्धा येत नाही.

मी तोंड उघडणार होते. सासूबाईंनी माझा हात दाबून धरला आणि म्हणाल्या, असतात काही म्हाताऱ्या अशा. मग पिशवीतून बोंबलांचं पुडकं काढून त्यांनी ताओबाईंना दिलं आणि कसे भाजायचे ते सांगितलं. ताओबाईंनी तुमच्याकडे वाटा पाठवलाच असेल. तुम्ही खाल्लेतही असाल.

तिंगहायचा धक्का जवळ आला तेव्हा तुम्ही वरच्या कठड्याशी येऊन उभ्या राहिलात. अगदी आमच्या डोक्यावर. तुमच्या भावांनी तुम्हाला पाहिलं आणि हाक मारायला मान वर केली. सासूबाईंनी त्यांची बाही खेचली.

“मारू नकोस हाक,” त्या म्हणाल्या. “ती सुट्टीवर आलीय.”

नवा पत्ता पाकिटामागे लिहिला आहे. लोभ असावा की नसावा, ते आता तुम्हीच ठरवा.

आपली,
साइचू