बिनतेलाची फळी

धार, माघ शुद्ध पंचमी, शके १८२९

स्वामींस,

तुमच्या त्या शेवटच्या सकाळी मी चूल सारवली, डाळ शिजत घातली, ताक घुसळलं आणि तुमचा पेला स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या फळीवर ठेवला. मी सोवळ्यात, म्हणून माझा हात मागे गेल्यावरच तुम्ही अंगणातून तो उचललात. "मीठ विसरलीस," म्हणालात, पण पेला रिकामा करूनच कचेरीला गेलात. वडीलधाऱ्यांच्या घरात दिवसाउजेडी तेवढंच आपलं बोलणं.

तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. तुमच्या मागे पंचांगावर बोट ठेवून अक्षरं लावत शिकले.

पेल्याच्या ओल्या बुडाचं वर्तुळ त्या फळीवर कायमचं उमटलं होतं. गेल्या पावसाळ्यात फळीला वाळवी लागली आणि ती काढावी लागली. तुमचे धाकटे बंधू म्हणाले, "वहिनी, काळा दगड घोटून बसवू. त्याला विटाळ नाही, डाग नाही." मी सागाची फळी मागितली, तीही तेल न लावता. कारण कुणाला सांगितलं नाही.

सुतार गणोजी हसला. "माईसाब, तेल नी पायो तो पाणी का दाग पड़ेगा."

"पडू देत," मी म्हटलं.

"हट्ट अगदी दादासारखा," भावजी म्हणाले.

परवा संध्याकाळी फळी बसली. दुसऱ्या दिवशी मी ताक केलं, त्यात मीठ घातलं आणि तुमचा पेला ओल्या बुडाने तिच्यावर ठेवला.

तुमच्याच घरातली,
सगुणा