शंभर टक्के शमीमबीच्या उत्तराची दुरुस्ती

प्रति,
मा. मूल्यमापन अधिकारी,
वैतरणाकाठ विधी संशोधन संस्था,
ठाणे.

विषय : मोखाडा केंद्राच्या प्रपत्र क्र. १ मधील प्रश्न १७ चे उत्तर दुरुस्त करणे, तसेच अपात्र ठरवलेली ४३ प्रपत्रे नष्ट न करणे याबाबत.

संदर्भ : १) माझ्याकडून खुलासा मागणारे आपले पत्र, दि. १७ फेब्रुवारी २०२५.
२) संस्थेची माहितीपत्रिका ‘मुस्लिम कौटुंबिक कायदा : गावोगावचे वास्तव’.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये, मुस्लिम कौटुंबिक कायदा संशोधन प्रकल्पाची जव्हार-मोखाडा केंद्र समन्वयक या नात्याने मी पुढील खुलासा सादर करते. खुलासा दोन पानांत असावा, असे आपण कळवले आहे. मी प्रयत्न केला आहे.

१. नमुना निवडताना आपल्या संगणकाने मोखाडा तालुक्यातील एकटा करंजपाडा निवडला. संगणक कोणाची बाजू घेत नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात दोनदा सांगितले होते. करंजपाड्यात घरे बावन्न. त्यांत मुस्लिम घर एक, पिठाच्या गिरणीचे. शमीम मुनाफ मणियार ही गिरणी अठरा वर्षे चालवतात. पती मुनाफ भिवंडीला असतात, ईदला येतात. गेल्या दोन ईदना आले नाहीत. पाड्यावर मुस्लिम घर एकच आहे, हे मी तिसऱ्याच दिवशी लेखी कळवले होते. ‘उद्दिष्ट चाळीस’ एवढेच उत्तर आले.

२. शमीमबींची मुलाखत ९ डिसेंबर रोजी त्यांच्या घरी घेतली. शेजारी दीर रज्जाक बसले होते. नियमपुस्तिकेनुसार घरातला माणूस ‘परका’ धरत नाहीत, म्हणून ‘मुलाखत एकांतात झाली का?’ या रकान्यात मी ‘होय’ लिहिले. प्रश्न १७ असा आहे : लग्नात पतीने पत्नीला काय मेहर कबूल केला, व तो दिला का? शमीमबी पदराची कड चाचपत राहिल्या. रज्जाक म्हणाले, “लिहा, माफ केला.” मी लिहिले. ते मी लिहायला नको होते. ही चूक माझी आहे आणि मला तिची लाज वाटते.

३. दुसऱ्या दिवशी मी गिरणीवर प्रपत्र तपासत बसले असता तांदूळ-नागली दळायला आलेल्या बायांनी मला घेरले. या भागात यादी म्हटली की माणूस दचकतो. घरकुलाच्या यादीत ज्यांचे नाव राहिले, त्यांचे छप्पर अजून गळते. शमीमबींचे नाव लिहिले म्हणजे यादी निघाली, हे त्यांनी ओळखले. ही योजना नाही, संशोधन आहे, आणि तेही मुस्लिम कुटुंबांपुरते, असे मी घसा बसेपर्यंत सांगितले. सुकरीआजी म्हणाल्या, “तसाच म्हणतात सगले. मंग यादी लागं तवा आमचा नाव नसं. लिव माझा नाव.” बेचाळीस जणी त्यांच्यामागे उभ्या होत्या. मी लिहिली.

४. आता आपले आक्षेप.

(अ) या ४३ महिला मुस्लिम नाहीत. मान्य. प्रत्येकीच्या प्रपत्रात धर्माच्या रकान्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. मी लपवाछपवी केलेली नाही.

(आ) अंगठ्यांच्या ठशांवर पांढरी पावडर आढळली व ठसे पुसट आहेत. ते तांदळाचे पीठ आहे. प्रयोगशाळेला पाठवण्याचा खर्च करू नये, ही विनंती.

(इ) एकही मुलाखत एकांतात झालेली नाही. खरे आहे. करंजपाड्यात एकीला विचारले की पाच जणी उत्तर देतात आणि सहावी चूक काढते. सकूच्या लग्नाचे वर्ष सकूलाच आठवेना, ते बाळीने सांगितले.

(ई) प्रश्न १७ ला ४३ जणींचे उत्तर शब्दशः एकच आहे, सबब प्रपत्रे घरी बसून बनावट भरली असावीत. महोदय, हा आक्षेप मला लागला. मोखाड्याहून करंजपाड्यापर्यंत जीप जात नाही. शेवटचे पाच किलोमीटर मी पायी गेले आहे. उत्तर एकच आहे, कारण ते एकाच मेहरचे आहे. या बायांच्या रीतीत देज, म्हणजे नवरीचे मोल, मुलीच्या बापाला जातो. नवरीच्या स्वतःच्या नावाने काही बोलले जाते, हे त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिले, ते शमीमबींच्या लग्नात. मांडव गिरणीसमोरच होता. मी मेहरचे विचारले तेव्हा त्यांना वाटले, त्याच मेहरचे विचारते आहे. सुकरीआजींचे म्हणणे : “गिरण दिली ना शमीमला? काजीन मोठ्यानं सांगला. आमी मांडवात व्हतू.” पुढे प्रत्येकीने तेच सांगितले, आणि शमीमबींनी ती कधीही माफ केलेली नाही, अशी पुस्ती जोडली. शमीमबी जात्यात धान्य घालत होत्या. त्यांनी पट्टा उतरवला, इंजिन बंद केले आणि पिठाच्या डब्यावर बसून रडल्या.

५. हे सर्व मी आपणास निवांत कळवले असते, परंतु आपली माहितीपत्रिका आली. त्यात पान ६ वर छापले आहे : ‘मोखाडा केंद्रात शंभर टक्के महिलांनी मेहर स्वेच्छेने माफ केल्याचे आढळले.’ नाव छापलेले नाही, गोपनीयतेचा नियम पाळला आहे. पण इथले शंभर टक्के म्हणजे कोण, हे पाड्यावरचे शेंबडे पोरही सांगेल. रज्जाक ती पत्रिका खिशात घालून मोखाड्याच्या आठवडी बाजारात फिरत आहेत. भाऊ मुनाफ यांनी गिरणीचे यंत्र विकायला काढले असून, बाईने हक्क सोडल्याचे ‘सरकारी पुस्तकात’ आहे, असे ते गिऱ्हाइकाला दाखवतात. गिऱ्हाईक सोमवारी, १० मार्चला टेम्पो घेऊन येणार आहे. टेम्पो गेला की शमीमबींचे पोट गेले, आणि पाड्याला दळणासाठी डोक्यावर पायली घेऊन नऊ किलोमीटर चालणे आले.

६. संशोधकाने उत्तरदात्याला सल्ला देऊ नये, या नियमाचा मी भंग केला. मी शमीमबींना एका वकीलबाईंकडे नेले. त्या म्हणाल्या, वाद निघण्याआधीच्या तारखेचे कागद असतील तर त्यांना वजन येते. तसे ४३ कागद आपल्या कपाटात आहेत आणि आपल्या पत्रानुसार ते ७ मार्चला यंत्रात घालून फाडायचे आहेत. मला कामावरून कमी करायचे असल्यास माझी तक्रार नाही. कागद तेवढे फाडू नयेत. प्रत्येकीने आपापल्या प्रपत्राची प्रत मागणारा अर्ज केला असून तो सोबत जोडला आहे.

७. प्रपत्र क्र. १ मध्ये प्रश्न १७ चे उत्तर पुढीलप्रमाणे दुरुस्त करावे, शब्द शमीमबींचे आहेत : “माफ केलेला नाही. मला कुणी विचारलंच नाही. गिरणी माझी आहे.” त्याप्रमाणे पत्रिकेचे शुद्धिपत्र काढावे व एक प्रत रज्जाक यांनाही द्यावी.

८. एकदा जमा केलेल्या प्रपत्रात बदल करण्यासाठी उत्तरदात्याने समक्ष हजर राहावे लागते, असे आपल्या लिपिकांनी दूरध्वनीवर सांगितले. त्यानुसार शमीमबी गुरुवार, दि. ६ मार्च रोजी जव्हार आगाराच्या पहिल्या गाडीने ठाण्यास निघत आहेत. त्यांच्यासोबत ४३ महिला येत आहेत. खुर्च्यांची तजवीज करू नये, त्या खालीच बसतात. आपल्या दालनात एकांताची व्यवस्था आहे, हे मी त्यांना समजावले आहे. प्रश्न १७ चे उत्तर शमीमबी स्वतःच्या तोंडाने देतील आणि बाकीच्या गप्प बसून ऐकतील, असे त्यांनी मला कबूल केले आहे. माझा त्यावर विश्वास नाही.

आपली, आज तारखेपर्यंत तरी समन्वयक,

(सही)
रविना देवानंद झुगरे
जव्हार-मोखाडा केंद्र
दि. ३ मार्च २०२५

सोबत :
१) प्रपत्राची प्रत मिळण्याबाबत ४३ अर्ज.
२) माहितीपत्रिका, पान ६.
३) माझा राजीनामा. तारीख घातलेली नाही. ती गुरुवारनंतर आपण घालावी.