आप्पांची उलटतपासणी

मंगळवार, संध्याकाळ. अनगोळ.

वकील न घेतलेल्या आप्पांनी आज भर कोर्टात स्वतःच उलटतपासणी घेताना साक्षीदाराला विचारलं, "अण्णा, गुडघा कसा हाय आता?" लोक हसले. मला हसू आलं नाही.

पतसंस्थेतल्या अफरातफरीत माझे वडील, आप्पा, आरोपी आहेत आणि त्यांचे जुने सहकारी अण्णा फिर्यादीचे साक्षीदार. संगणकातल्या खोट्या नोंदी आप्पांनीच केल्या, असं अण्णा शपथेवर म्हणाले. पण आप्पांना संगणक जमत नाही; त्यांचा पासवर्ड रोज अण्णाच टाइप करायचे. तेवढंच विचारायचं होतं. विचारलं काय, तर गुडघा! हा माणूस स्वतःची बाजू कशी मांडणार?

न्यायाधीशांनी उरलेली उलटतपासणी उद्यावर ठेवली. वकील हवा असेल तर कोर्ट देईल, असंही सांगितलं. आप्पा नको म्हणाले. घरी आल्यावर पुन्हा तेच.

"वकील चोराला लागतोय गं. मी काय चोर हाय?"

"चोर न्हाय म्हणूनच लागतोय, आप्पा. तुम्ही आत गेल्यावर अण्णांचा गुडघा कोण विचारणार?"

मग आप्पा म्हणाले, "घे बाई वकील. पण अण्णाला टोचून बोलू नका म्हणावं."

उद्या कोर्ट उघडताच अर्ज देणार. वकिलाला आधी पासवर्डचं सांगणार. आप्पांचा निरोप मात्र त्याला देणार नाही.