तार तुटली म्हणालात तो दिवस

अण्णा, आज दुपारी तुमच्या वयाचा एक माणूस माझ्या मशीनमध्ये झोपला होता. म्हणजे तुम्ही गेलात त्या वयाचा. तुमची लेक आता नाशिकला एमआरआय काढते, एवढं तरी तुम्हाला माहीत असायला हवं. झटका येऊन गेला की हृदयाचा कुठला भाग मेला, कुठला अजून जिवंत आहे, ते आम्ही चित्रात बघतो. शिरेतून औषध सोडलं की मेलेला भाग पांढरा उजळतो आणि जिवंत काळा राहतो. मला अजून ते उलटंच वाटतं. काचेच्या अलीकडून मी सांगत असते, श्वास सोडा, आता धरा. मशीन ठकठक करतं आणि मला येवल्याचं आपलं घर दिसायला लागतं. मागावर ऊन आलंय, तुम्ही श्वास धरून पैठणीची तुटलेली तार जोडताय, आणि शेजारी बसून मीही उगाच धरलाय.

त्या माणसाला झटका आला आठ दिवसांपूर्वी. चित्रात मात्र दोन डाग होते. एक जुना, तिथली भिंतच पातळ झालेली. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी छातीत दुखलं होतं का. "नाय हो, कधीच नाय." बाहेर त्याची बायको म्हणाली, "पोळ्याच्या टायमाला गोठ्यात लय वेळ बसून होते. मला म्हणे, दाव्याची गाठ सोडवतोय." मला हसू आलं, आणि मग त्याचा इतका राग आला की मी पाणी प्यायला निघून गेले.

तुम्हीही तसलेच. मी अकरावीत होते, कॉलेजची सहल होती. तुम्ही मागावर वाकून बसलेले, एक हात छातीशी, कपाळावर घाम. काय झालं विचारलं तर म्हणालात, "काही नाही गं, तार तुटली. तू जा, बस चुकेल." मी गेले. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. पहिलाच झटका आणि तोच मोठा, असं डॉक्टर म्हणाले. आई अजून सगळ्यांना तेच सांगते. तुमच्या हृदयाचं चित्र कुणी काढलं नाही, त्यामुळे मलाही खात्रीनं काही म्हणता येत नाही.

हे पत्र तुमच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवीन. पाठवायचं तरी कुठे. एकच सांगायचं राहिलंय. त्या दिवशी चपला घालताना मी मागाकडे बघितलं होतं. सगळ्या तारा ताठ होत्या, एकही तुटलेली नव्हती. मला सहलीला जायचं होतं, अण्णा.